घरच्या तुरीचा भाव

मूठभर तूर तळहातावर घेऊन अंगठ्याने दाबली, की प्रेमराजला कळायचं. "अजून एक ऊन लागेल," तो म्हणायचा, आणि तेल-पाणी लावून गच्चीवर पसरलेली तूर आणखी एक दिवस तशीच राहायची. धुळ्यात साक्री रोडला त्याची डाळमिल होती. निदान सगळं धुळं तरी तसंच समजत होतं. बाजारात त्याला 'मिलवाले प्रेमशेठ' म्हणत. मिल त्याची नव्हती, फर्मची होती. फर्म जळगावची, आणि जळगावची फर्म म्हणजे काका सुरेशचंद. प्रेमराजचा फर्ममध्ये हिस्सा होता, पण तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे त्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

बोलायची रीतच नव्हती. प्रेमराज सहावीत असताना त्याचे वडील गेले. त्या वर्षी दिवाळीला काकांनी दोन्ही पोरांना, म्हणजे आपल्या रोनकला आणि थोरल्या भावाच्या प्रेमराजला, एकसारखे बूट आणले. रोनक तेव्हा रांगत होता, त्याचे बूट तळहाताएवढे. प्रेमराजने बूट पायात घातले आणि भीत भीत विचारलं, "काकाजी, केवढ्याला पडले?" काका खळखळून हसले. त्याला जवळ ओढून म्हणाले, "घरात भाव विचारतात का रे, वेड्या?" काकू सूरजबाईंनी हा किस्सा पुढे प्रत्येक लग्नात सांगितला. ऐकणारे हसायचे आणि प्रेमराजही हसायचा. बिनबापाच्या पोराला त्या एका वाक्यात अख्खं घर मिळालं होतं. ते त्याने जन्मभर सांभाळलं.

बी.कॉम.ला त्याला कॉस्टिंगमध्ये कॉलेजात सर्वांत जास्त मार्क पडले. निकालाचा पेढा काकांच्या तोंडात भरवत तो म्हणाला, "काकाजी, आता आपल्या मिलचं डाळीचं कॉस्टिंग बसवू." काकांनी पेढा खाऊन हात झटकले. "बसव ना. पण ते कारखान्यांसाठी असतं, प्रेम. आपलं घर आहे." आणि त्याला धुळ्याला पाठवलं. तिथली मिल तेव्हा बंद पडायला आली होती. चाळणीला भोकं, गच्चीला भेगा, धुळ्यात कुणी उधार तेल देईना. प्रेमराजने ती उभी केली. शंभर किलो तुरीतून डाळ किती निघते, सालतुकड्यांची चुनी किती जाते, याचा उतारा त्याने असा वाढवला, की जळगावची मोठी मिल मागे पडली. हे काकांनीच चार लोकांत सांगितलं होतं.

कामाची पद्धत ठरलेली होती. तूर खरेदी करायची ती जळगावने. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी तूर बाजारात येते, भाव पडलेले असतात, तेव्हा काका गोदामं भरून ठेवत. धुळ्याला लागेल तशी गाडी यायची. गाडीसोबत चिठ्ठी असायची. तिच्यावर पोती आणि वजन लिहिलेलं, भाव नाही. भाव महिनाअखेरीला जळगावच्या ऑफिसात लागायचा, आणि धुळ्याच्या मिलचा नफातोट्याचा कागद प्रेमराजकडे सहीला यायचा. तो सही करायचा. खर्चाच्या बाजूला जळगावच्या ऑफिसचा अर्धा भाडेखर्च, काकांची गाडी, ड्रायव्हर, पालिताण्याची यात्रा, सगळ्यातला धुळ्याचा वाटा लागलेला असायचा. घरातल्या माणसाला पगार नसायचा. लागेल ते गल्ल्यातून घ्यायचं आणि जळगावला कळवायचं. प्रेमराज कमीच घ्यायचा.

त्याची बायको रूपल मात्र धुळ्यात नुसती बसून राहिली नाही. मिलच्या मागच्या शेडमध्ये तिने चक्की बसवली आणि चार बायका हाताशी धरून बेसन दळायला लागली. चणाडाळ भाजायची किती, दळायची किती बारीक, हे ती कुणाला सांगत नसे. ते बेसन जळगावच्या दुकानात फर्मच्या नावाने विकलं जायचं आणि शेव-फाफड्यावाले तेच मागायचे. एकदा ती म्हणाली, "अहो, बेसनाचं वेगळं काढून बघा ना एकदा. मला कळू तरी द्या, मी काय मिळवते ते."

प्रेमराज वर न बघता म्हणाला, "घरात भाव विचारतात का?"

त्याने ते प्रेमानेच म्हटलं होतं. तिने पुन्हा विचारलं नाही.

शिंदखेड्याचा भटू पाटील म्हणून एक जण होता. स्वतः शेती करायचा आणि आसपासच्या गावांचा माल गोळा करून विकायचा. तो दरवर्षी मिलवर यायचा. "प्रेमशेठ, बठ्ठा माल मनाकडथाईन ल्या. जळगावपेक्षा स्वस्त पडी," म्हणत सगळी तूर आपल्याकडून घ्यायचा आग्रह करायचा. प्रेमराज त्याला चहा पाजायचा, बिस्कीट द्यायचा आणि हात जोडायचा. "घरचा माल असताना बाहेरचा कशाला, भटूभाऊ?"

"घरना माल!" भटू बशीत चहा ओतत हसायचा. "घरना मालले भाव नही का?"

प्रेमराजही हसायचा.

रोनक पुण्याहून एम.बी.ए. होऊन आला आणि फर्ममध्ये दर महिन्याला बैठक सुरू झाली. भिंतीवर पडदा लावून तो युनिटवार आकडे दाखवायचा. जळगावची मिल हिरव्या रंगात, दुकान हिरव्या रंगात, धुळे लाल. पोरगा वाईट नव्हता. प्रेमराजला 'भैया' म्हणायचा, आल्याबरोबर पाया पडायचा. "भैया, धुळे सलग सात वर्षं तोट्यात आहे," तो म्हणाला, तेव्हा त्याच्या आवाजात काळजी होती. "उतारा तुमचा आमच्यापेक्षा चांगला, मजुरी कमी, मग पैसा जातो कुठे?"

"जातो कुठे म्हणजे?" प्रेमराज म्हणाला. "घरातलं घरातच आहे ना."

पडद्यावरचा लाल रंग त्याला तेव्हा लागला नाही. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलं, असंच त्याला वाटत होतं. खिसे दोन वेगळ्या सदऱ्यांचे निघतील, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी काकांची अँजिओप्लास्टी झाली आणि दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी सांगितलं, की डोळ्यांदेखत वाटणी करायची. प्रेमराजला त्याचं काही वाटलं नाही. वाटणीत धुळ्याची मिल आपली, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. दुसरं काही त्याला नकोही होतं. जळगावची मिल, दुकान, गोदामं, प्लॉट, सगळं रोनकचं झालं तरी त्याची तक्रार नव्हती. मग रोनकचा फोन आला. "भैया, हिश्श्याचा हिशेब युनिटच्या कमाईवर धरायचा, असं बाबूजी म्हणतात. म्हणजे जळगावची कमाई जळगावच्या बाजूला, धुळ्याची तुमच्या. धुळ्याचा तोटा तुमच्या हिश्श्यातून वजा होतो. वजा जाता तुमच्याकडे उरतं ते मिलच्या जागेएवढं नाही. मग जागा फर्मने ठेवावी, प्लॉट पाडावेत, आणि तुम्हाला फ्लॅट आणि रोख... भैया, ऐकताय ना?"

ऐकत होता. गच्चीवर तूर पसरलेली होती आणि उखर्डू, त्याचा जुना मशीनवाला, दाताळ्याने ती परतत होता.

दुसऱ्या दिवशी तो जळगावला गेला, पण काकांकडे नाही. ऑफिसात गेला. तिथे नशिराबादचा शालिग्राम पाटील वर्षानुवर्षं हिशेब बघत होता. जेवायची वेळ होती. शालिग्रामने डबा उघडला होता, कळण्याची भाकरी आणि ठेचा.

"या प्रेमशेठ, दोन घास खा."

"शालिग्रामभाऊ, धुळ्याच्या तुरीला तुम्ही भाव कोणता लावता?"

शालिग्रामचा घास हातात राहिला. मग त्याने तो खाल्ला, पाणी प्यायला. "गाडी निघते त्या दिवसाचा बाजारभाव."

"खरेदीचा नाही?"

"पडलेल्या भावात घेऊन ठेवलेली तूर चढल्यावर पाठवली, तर बाजारभाव. आणि एखाद्या साली भाव उतरले, तर मग खरेदीचा. मोठ्या शेठनी पहिल्याच वर्षी तसं सांगितलं. मी तसंच लावत आलो."

"म्हणजे चढलं तर नफा जळगावचा, उतरलं तर तोटा धुळ्याचा."

"तसं निघतं खरं."

"मला कधी बोलला नाहीत?"

शालिग्रामने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, जरा नवलाने. "प्रेमशेठ, दर महिन्याला तुमची सही येत होती. कॉमर्सचे तुम्ही. माझ्या आधी तुम्हाला दिसायला हवं. मला वाटलं, चुलत्या-पुतण्यात ठरलेलं असेल. घरातल्या गोष्टीत आम्ही कुठे तोंड घालणार?"

कुणी काही लपवलं नव्हतं. कागदावर पोती होती, वजन होतं, रक्कम होती. एकाला दुसऱ्याने भागायचं, एवढंच करायचं होतं. ते त्याने कधी केलं नव्हतं, कारण केलं असतं तर ते विचारणं झालं असतं.

त्या आठवड्यात तो आणि रूपल जेवणाच्या टेबलावर कागद मांडून बसले. खरेदीचा भाव धरला, जळगावचे यात्रेचे आणि गाडीचे खर्च बाजूला काढले, आणि एक-एक वर्ष मांडलं. एक दुष्काळाचं साल सोडलं, तर धुळे कधी तोट्यात नव्हतं. प्रेमराज चष्मा काढून डोळे चोळत बसला.

रूपल कागद उलटापालटा करून बघत होती. "यात माझं बेसन कुठे आहे?"

"ते... ते जळगावच्या दुकानात जमा आहे."

"आणि मजुरी? त्या चार बायकांची?"

"ती धुळ्याला खर्ची."

"आणि माझी?"

प्रेमराजने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "ते नंतर बघू. आधी मिल वाचू दे."

"बरं," रूपल म्हणाली. "मग रविवारी एकच विचारा. बाकी काही नको. तुरीचा भाव कुणी ठरवला, एवढंच विचारा. रोनकभैयांना आकडे कळतात. ते लगेच समजतील."

"विचारतो."

"नक्की?"

"अगं, विचारतो म्हटलं ना."

रविवारी जळगावला सगळे जमले. सूरजबाईंनी दाल-बाटी केली होती. वाटणीच्या बोलण्यात बायका बसत नसत. रूपल स्वयंपाकघरात होती, पण दार उघडं होतं. जेवणं झाली. काका सोफ्यावर उशीला टेकून बसले. ते वाळले होते, मनगटं काठीसारखी झाली होती. रोनकने लॅपटॉप उघडला आणि हिशेब वाचला. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "भैया, तुमचं काही म्हणणं असेल तर सांगा. मी तरी काही मनाचं धरलेलं नाही."

प्रेमराजच्या खिशात कागद होता. त्याने घसा साफ केला. "काकाजी, एक विचारायचं होतं. तुरीचा भाव..."

"कोणत्या तुरीचा?"

"धुळ्याला येते ती. त्याचा भाव कसा लागतो, म्हणजे खरेदीच्या हिशेबाने पाहिलं तर..."

रोनकने लॅपटॉपवरून मान वर केली. "कसा म्हणजे? एक मिनिट, भैया..."

पण काकांनी हात वर केला. ते प्रेमराजकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. ते नाटक नव्हतं. एवढ्या वर्षांत प्रेमराजला त्यांचे खरे आणि खोटे डोळे ओळखता येत होते.

"तू मला भाव विचारतोस, प्रेम?"

"भाऊ गेला तेव्हा तू एवढा होतास. रोनकला एक आणलं तर तुला एक आणलं. तुझं लग्न केलं तेव्हा मी बँडवाल्यालाही भाव विचारला नव्हता. आणि आज तू मला भाव विचारतोस?"

"नाही काकाजी, तसं नाही..."

"मग कसं?"

स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या सूरजबाई पदराने डोळे टिपायला लागल्या. प्रेमराजला ते बूट आठवले, काळे, त्यांची चकाकी, आणि काकांच्या मांडीची ऊब. खिशातल्या कागदावर हात गेला होता, तो तिथेच राहिला. रोनक म्हणत होता, "बाबूजी, विचारू द्या ना, मला तरी कळू द्या," पण त्याचं कुणी ऐकलं नाही. प्रेमराजही नाही. प्रेमराज उठला, वाकला आणि काकांच्या पायांना हात लावला.

"चुकलो, काकाजी. तुम्ही ठरवाल ते."

काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. स्वयंपाकघरात एक भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

परतीच्या एस.टी.त रूपल खिडकीशी बसली. एरंडोल मागे पडलं. पारोळ्याला गाडी थांबली. लोक चहाला उतरले.

"ऐकलंस तू सगळं," प्रेमराज म्हणाला.

"ऐकलं."

"त्यांची तब्येत अशी. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या."

"माझ्या पण आलं होतं एकदा," ती म्हणाली. "बेसनाचं विचारलं होतं तेव्हा. तुम्ही वर बघितलं नव्हतं, म्हणून दिसलं नाही."

मिल त्या उन्हाळ्यात बंद झाली. मशीन सुटं करून विकायला काढलं, तेव्हा उखर्डू रोलरवर हात ठेवून उभा राहिला. "शेठ, मशीन बठ्ठं नीट शे. मंग बंद काबर?"

"तोट्यात होती," प्रेमराज म्हणाला.

उखर्डूने हातातल्या फडक्याने रोलर पुसला, उगाच, सवयीने. "आपुन तं कधी तोटा करा नही," तो म्हणाला. प्रेमराज गच्चीवर निघून गेला. गच्ची रिकामी होती.

काकांनी त्याला वाऱ्यावर सोडलं नाही, हे सांगायला हवं. देवपूरला फ्लॅट दिला. ठरलेली रक्कम दिली. आणि एक दिवस बोलावून म्हणाले, "घरी बसून काय करशील? जळगावला ये. खरेदी तुझ्याइतकी कुणाला कळत नाही. रोनकला मदत होईल. पगार देऊ." त्या घरात तो शब्द पहिल्यांदाच घरातल्या माणसासाठी उच्चारला गेला. प्रेमराज पंचावन्नचा होता. त्याने हो म्हटलं. आठवडाभर तो जळगावला काकांकडे वरच्या खोलीत राहायचा, शनिवारी धुळ्याला यायचा. महिन्याच्या पहिल्या तारखेला शालिग्राम त्याच्यापुढे सहीला कागद ठेवायचा. आता प्रेमराज प्रत्येक ओळ वाचायचा.

रूपलने इकडे देवपूरच्याच बाजूला एक गाळा भाड्याने घेतला. चक्की तिने मिलमधून उचलून आणली होती. ती कुणाची, हे कुठल्याच कागदावर नव्हतं, त्यामुळे कुणी अडवलं नाही. चौघींपैकी तिघी आल्या. पहिल्या दळणाला चणाडाळ लागत होती. तिने फोन केला, नवऱ्याच्या मोबाइलवर नाही, ऑफिसच्या नंबरवर. उचलला प्रेमराजनेच.

"चणाडाळ हवी होती. भाव काय?"

"अगं, मी बोलतोय."

"माहीत आहे. भाव काय?"

समोर रोनक बसला होता. त्याने खुणेनेच विचारलं, कोण? आणि कळल्यावर तो मनापासून हसला. "भाभी का? भाभींना कसला भाव, भैया! घरचीच डाळ आहे. टेम्पो चाललाय धुळ्याला, दहा पोती टाकून द्या. हिशेब नंतर बघू."

टेम्पो गेला. संध्याकाळी तोच टेम्पो दहा पोत्यांसह परत आला. ड्रायव्हर खाली उतरून डोकं खाजवत म्हणाला, "बाईंनी पोती उतरवू दिली नाहीत. म्हणे, भाव लिहून पाठवा, मग बघू."

रोनकला वाईट वाटलं. "भाभी रागावल्या का?" तो म्हणाला. प्रेमराजला मात्र राग आला होता. खरा राग, कानशिलं तापवणारा. लोकांसमोर, ड्रायव्हरसमोर बायको नवऱ्याकडे भाव मागते! त्याच्या तोंडात ते वाक्य तयार होतं, आपोआप, काकांच्याच आवाजात. ते गिळायला त्याला वेळ लागला.

मग त्याने बिलबुक ओढलं. ती डाळ मार्चमध्ये घेतलेल्या चण्याची होती. खरेदी त्यानेच केली होती, त्यामुळे ती कितीला पडली हे त्याला पाठ होतं. भावाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. पलीकडच्या टेबलावर शालिग्राम मान खाली घालून काम करत होता. प्रेमराज आता पगारी माणूस होता. मालकाच्या मालाला आपल्या मनाचा भाव लावायचा त्याला अधिकार नव्हता. त्याने त्या दिवसाचा बाजारभाव लिहिला, सही केली आणि बिलाचा फोटो रूपलला पाठवला.

तिचं उत्तर लगेच आलं. 'परवडत नाही.'

शनिवारी तो धुळ्याला गेला तेव्हा गाळ्यात चणाडाळीची पोती रचलेली होती, आणि पोत्यांना टेकून शिंदखेड्याचा भटू बशीतून चहा पीत होता. त्याला पाहून भटू उठला. "या, प्रेमशेठ. बसा." जणू गाळा त्याचाच होता. रूपलने चक्की बंद करून भटूच्या हातातलं बिल घेतलं, पोती आणि रक्कम पाहिली, पाटीवर खडूने भागाकार केला, मान डोलावली आणि पैसे दिले. भटू हसला नाही. त्याने ते मोजून घेतले.

घरी तिने पिठलं केलं. नव्या बेसनाचं होतं, छान झालं होतं. प्रेमराजने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. डाळ कितीला पडली, हे विचारायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने मान खाली घातली आणि जेवत राहिला.